चाकणमध्ये विभक्त होताय? मध्यस्थी कुठे, किती दिवसांत आणि किती खर्चात

दोघांनाही कळून चुकलंय की आता एकत्र नांदणं जमणार नाही. अशा वेळी पहिला पैसा खर्च करण्याआधी एक गोष्ट माहीत करून घ्या. विधी सेवा समितीमार्फत किंवा कोर्टामार्फत होणारी मध्यस्थी मोफत असते. मध्यस्थाला तुम्ही एक रुपयाही द्यायचा नसतो, कारण त्याचं मानधन विधी सेवा प्राधिकरण देतं. "मेडिएशनची फी भरा" असं कोर्टाच्या आवारात कोणी म्हणालं तर पावती मागा. पावती मिळणार नाही.

दुसरी गोष्टही आत्ताच समजून घ्या. मध्यस्थ घटस्फोट देत नाही. तो तुम्हाला एका टेबलाशी बसवतो. पोटगी, मुलं, दागिने, फ्लॅट, कर्ज यावर तुमचं तुम्हालाच ठरवू देतो आणि ठरलेलं लिहून घेतो. विवाह संपतो तो न्यायाधीशांच्या हुकूमनाम्याने. लोकअदालतीतही घटस्फोट मिळत नाही. पोटगीसारखे वाद तिथे मिटतात, पण घटस्फोटाचा विषय तिच्या कक्षेबाहेर आहे. म्हणून "कोर्टात न जाता घटस्फोट" असं कोणी सांगत असेल तर तिथून उठा. मध्यस्थीने कोर्ट पूर्ण टळत नाही, पण कोर्टाच्या खेपा पुष्कळ कमी होतात. भांडणाचा दावा वर्षानुवर्षं चालतो, संमतीचा अर्ज मोजक्या तारखांत निकाली निघतो.

जायचं कुठे

चाकण खेड तालुक्यात आहे, त्यामुळे तुमचं कोर्ट राजगुरुनगरचं. तालुका विधी सेवा समिती त्याच कोर्टाच्या आवारात बसते. चाकणहून नाशिक महामार्गाने दहा-बारा किलोमीटर. पुण्याला धावायची गरज नाही. दावा दाखल नसला तरी समितीत साध्या कागदावर अर्ज करता येतो. याला दाखलपूर्व मध्यस्थी म्हणतात. अर्जात दोघांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर, लग्नाची तारीख आणि वाद कशाचा हे चार ओळींत लिहा. आरोपांची यादी लिहू नका. समोरच्याला जी नोटीस जाते ती मध्यस्थीला येण्यासाठी असते. तुमच्या अर्जातला प्रत्येक कडवट शब्द समोरच्या वकिलाच्या हाती पडू शकतो.

भोसरी, मोशी, चिखली, पिंपरी म्हणजे महापालिका हद्दीत राहत असाल तर तुमचं प्रकरण शिवाजीनगरच्या पुणे कौटुंबिक न्यायालयाकडे जातं. तिथे विवाह समुपदेशक असतात. त्यांचीही फी नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे.

इथल्या कंपन्यांत काम करणारी बरीच जोडपी मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आली आहेत. त्यांचा नेहमीचा प्रश्न: "लग्न गावाकडं झालं, बायको माहेरी आहे, मग कोर्ट कुठलं?" हिंदू विवाह कायद्याच्या कलम 19 नुसार साधारणपणे चार पर्याय आहेत. लग्न जिथे लागलं ते ठिकाण, दोघं शेवटी एकत्र जिथे राहिले ते, समोरची व्यक्ती जिथे राहते ते, आणि बायको अर्जदार असेल तर ती आज राहते ते. म्हणजे बायको लातूरला माहेरी असेल तर ती तिथेच अर्ज करू शकते आणि मग चाकणच्या माणसाला दर तारखेला लातूर गाठावं लागतं. हा प्रवास वाचवायचा असेल तर मध्यस्थीत पहिल्याच बैठकीला ठरवा की संमतीचा अर्ज कुठल्या कोर्टात करायचा. मध्यभागी सोयीचं कोर्ट निवडता येत नाही, या चारांतलंच एक घ्यावं लागतं.

आळंदीत लग्न झालेल्यांसाठी वेगळं सांगतो. आळंदी खेड तालुक्यातच येते, म्हणून तुम्ही आज कुठेही राहत असलात तरी राजगुरुनगरच्या कोर्टात अर्ज करण्याचा आधार तुमच्याकडे आहे. मात्र मंगल कार्यालयाने दिलेला "विवाह दाखला" म्हणजे नोंदणी नव्हे. विवाह निबंधकाकडे नोंद झाली आहे का ते तपासा. झाली नसेल तरी घटस्फोट अडत नाही. लग्नाचे फोटो, पत्रिका, कार्यालयाची पावती आणि प्रतिज्ञापत्र यावर काम होतं. "आधी लग्न नोंदवा, त्याचे वेगळे पैसे" असं एजंट म्हणाला तर वकिलाला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

मोफत वकील कोणाला

ही माहिती चाकणमध्ये सर्वांत कमी पोचली आहे, म्हणून नीट वाचा. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 नुसार काही लोकांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. कोणतीही स्त्री, तिचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती. अपंग व्यक्ती. आणि औद्योगिक कामगार. या शेवटच्या गटात एमआयडीसीत लाइनवर उभे राहणारे तुमच्यापैकी अनेक जण बसतात. कामगार म्हणून अर्ज करणाऱ्या पुरुषाला उत्पन्नाची अट लागत नाही. या गटांत नसलात तर महाराष्ट्रात वर्षाला 3 लाख रुपयांच्या आत उत्पन्न असल्यास मदत मिळते.

अर्जासोबत कंपनीचं ओळखपत्र किंवा पगारपत्रक, आधार कार्ड आणि प्रकरणाची थोडक्यात माहिती द्या. कंत्राटी असाल तर कंत्राटदाराचं हजेरी कार्ड किंवा ईएसआयचं कार्ड जोडा. टोल फ्री क्रमांक 15100. मोफत मिळालेला वकील तुमच्याकडे "वरचे" पैसे मागू लागला तर समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा, वकील बदलून मिळतो.

स्त्रीसाठी आणखी एक सवलत आहे. 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या बाबींत महिलांना कोर्ट फी माफ आहे. तरीही बिलात "कोर्ट फी" असा आकडा दिसला तर विचारा की ती कोणत्या अर्जावर भरली.

कागद कोणते

पहिल्या दिवशी फार काही लागत नाही, पण दुसऱ्या बैठकीपासून आकड्यांवर बोलणं येतं आणि कागद नसले की तारीख पुढे जाते. सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणांसाठी मालमत्ता आणि देण्यांच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना घालून दिला. दाखलपूर्व मध्यस्थीत तो सक्तीचा नाही, पण तोच नमुना दोघांनी भरून आणला तर निम्मं भांडण संपतं. कोण किती कमावतो यावरच तर सगळं अडलेलं असतं.

नवऱ्याने आणि नोकरी करत असल्यास बायकोनेही आणायचं ते असं: सहा महिन्यांची पगारपत्रकं, फॉर्म 16, वर्षभराचं बँक स्टेटमेंट, पीएफचं पासबुक, सगळ्या कर्जांचे उतारे. ओव्हरटाइमचा पगार वेगळ्या खात्यात येत असेल तर तेही दाखवा, कारण नंतर उघड झालं तर झालेला समझोता अडचणीत येतो. फ्लॅट असेल तर इंडेक्स 2 आणि गृहकर्जाची थकबाकी. गावाकडे शेती असेल तर सातबारा. एमआयडीसीच्या संपादनाचा मोबदला घरात आला असेल तर तो कोणाच्या नावावर आला याचे कागद. चाकण परिसरात या एका मुद्द्यावर पोटगीचा आकडा दुप्पट होतो नाही तर अर्धा, त्यामुळे ते लपवून काही साधत नाही. मुलांच्या शाळेच्या फीच्या पावत्या, औषधांचा नियमित खर्च. स्त्रीधनाची यादी: दागिना, अंदाजे वजन, कोणी दिला, आज कोणाकडे आहे. सोनाराच्या पावत्या नसतील तर लग्नाचे फोटो चालतात.

मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका. एजंटाच्या तर नाहीच. छायाप्रती द्या, मूळ दाखवून परत घ्या.

किती वेळ, किती बैठका

नोटीस गेल्यावर पहिली बैठक साधारण काही आठवड्यांत लागते. प्रत्येक बैठक तास-दोन तासांची. आधी दोघं एकत्र, मग प्रत्येकाशी वेगळं बोलणं, मग पुन्हा एकत्र. हट्ट एकाच मुद्द्यावर असेल तर दोन-तीन बैठकांत मिटतं. फ्लॅट, मूल आणि पोलीस तक्रार अशी तिहेरी गाठ असेल तर जास्त लागतात. कोर्टाने पाठवलेल्या मध्यस्थीला महाराष्ट्राच्या 2006 च्या नियमांनुसार 60 दिवस असतात आणि गरज पडल्यास मुदत वाढवून मिळते.

तिथे बोललेलं तिथेच राहतं. मध्यस्थ कोर्टाला "समझोता झाला" किंवा "झाला नाही" एवढंच कळवतो. कोण काय बोललं, कोणी किती आकडा सुचवला हे लिहीत नाही. त्यामुळे मोकळेपणाने आकडा बोला, तो पुढे तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. मोबाइलवर रेकॉर्डिंग करू नका. आई-वडील, मामा, मेहुणे सोबत आले तरी त्यांना बाहेर बसवा. मध्यस्थाला वाटलं तर तो आत बोलावतो. आत सहा माणसं बसली की नवरा-बायको गप्प होतात आणि मामाच बोलत राहतो.

समझोता झाल्यावर परस्पर संमतीचा अर्ज, म्हणजे लोक ज्याला म्युच्युअल म्हणतात तो, कलम 13-ब खाली दाखल होतो. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. इथे एक दिलासा आहे: "वेगळं" म्हणजे वेगळ्या घरात असंच नाही. खोली एकच असली तरी पती-पत्नी म्हणून संसार थांबलेला असेल तर ते वेगळं राहणंच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सुरेष्टा देवी प्रकरणात म्हटलं आहे. भाडं परवडत नाही म्हणून एकाच खोलीत राहणाऱ्यांना याचा उपयोग होतो. लग्नाला वर्षच झालं नसेल तर मात्र थांबावं लागेल. अपवाद फारच थोडे.

अर्जावर पहिला जबाब होतो आणि दुसऱ्या जबाबासाठी सहा महिन्यांची वाट पाहायची असते. 12 सप्टेंबर 2017 च्या अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालानंतर ही मुदत माफ होऊ शकते. अटी अशा: अर्ज करण्याआधीच वेगळं राहून दीड वर्ष उलटलेलं असावं, समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरलेले असावेत, आणि पोटगी, मुलं, बाकी सगळे मुद्दे खरोखर मिटलेले असावेत. मध्यस्थीचा लेखी समझोता हा या शेवटच्या अटीचा सर्वांत भक्कम पुरावा. माफीचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि तो पहिल्या तारखेनंतर आठवडाभराने करता येतो. माफी द्यायची की नाही हे न्यायाधीश ठरवतात. "सहा महिने माफ करून देतो, हमी माझी" असं सांगून जास्त पैसे घेणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

हे सगळं हिंदू विवाह कायद्याखालचं झालं, त्यात बौद्ध, जैन आणि शीखही येतात. नोंदणी विवाह विशेष विवाह कायद्याखाली झाला असेल तर कलम 28 खाली एक वर्षाचीच अट आहे. मुस्लिम जोडपं खुला किंवा मुबारात पद्धतीने विभक्त होत असेल तर अटी मध्यस्थीत ठरवून घ्या, विशेषतः मेहेर आणि मुलांचा खर्च.

खर्च नेमका कुठे होतो

मध्यस्थ मोफत, वकील कदाचित मोफत. तरीही खिसा रिकामा होतो, तो या मार्गांनी.

सगळ्यात मोठा खर्च खाड्यांचा. तुमचा रोज 700 रुपये धरा. पूर्ण हजेरीवर महिन्याला हजार रुपये भत्ता मिळत असेल तर एका तारखेला 700 जातात आणि हजारही जातात. वर गाडीभाडं, चहा-जेवण. म्हणजे एक तारीख दोन हजारांची. भांडणाच्या दाव्यात अशा पंचवीस तारखा झाल्या तर वकिलाची फी सोडून पन्नास हजार गेले, आणि तेही दोघांचे वेगवेगळे. हा हिशोब स्वतःच्या रोजाने करून बघा. मध्यस्थीचा खरा फायदा इथे आहे. ज्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगावं: "आम्हाला गुरुवार द्या." गुरुवारी कोर्ट चालू असतं आणि मध्यस्थ सहसा सोय बघतात. सेकंड शिफ्ट असेल तर सकाळची पहिली वेळ मागा. दुसरा आणि चौथा शनिवार कोर्ट बंद. मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत तारीख धरू नका. प्रत्येक बैठकीनंतर हजेरीचा दाखला मागून घ्या आणि एचआरला द्या. बायको किंवा नवरा दूरगावी असेल तर काही बैठका व्हिडिओ कॉलवर घेता येतील का हे विचारा.

मग स्टॅम्प पेपर. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात अनेक दस्तांचा किमान मुद्रांक 100 वरून 500 रुपयांवर गेला. त्याचा फायदा घेऊन कोर्टात द्यायच्या साध्या प्रतिज्ञापत्रालाही 500 चा स्टॅम्प लागतो असं सांगितलं जातं. लागत नाही. कोर्टासमोर आणि सरकारी कार्यालयासमोर द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क राज्याने 1 जुलै 2004 पासून माफ केलेलं आहे. साध्या कागदावर टाइप करा. दोघांची मिळून चार-पाच प्रतिज्ञापत्रं होतात, म्हणजे दोन-अडीच हजार वाचले.

टायपिंग, झेरॉक्स, वकीलपत्रावरचं तिकीट, प्रमाणित प्रती हे किरकोळ खर्च, पण "किरकोळ" म्हणत एकरकमी मागितले जातात. खासगी वकील करणार असाल तर फी लेखी ठरवा: पूर्ण कामाची किती, त्यात मध्यस्थीच्या बैठका, पहिला जबाब, दुसरा जबाब आणि प्रमाणित प्रत धरली आहे का. प्रत्येक तारखेला वेगळी फी लावणारा वकील संमतीच्या कामाला घेऊ नका. काम लवकर संपण्यात त्याचा तोटा असतो. दोघांनी मिळून एकच वकील केला तर खर्च निम्मा होतो हे खरं. पण समझोत्याचा मसुदा सही करण्याआधी निदान एकदा दुसऱ्या वकिलाकडून वाचून घ्या, बायकोने तर नक्कीच. विधी सेवा समितीचा वकील हे मोफत करतो.

खासगी मध्यस्थही आहेत. त्यांची फी बैठकीवर असते आणि ठरलेला दर नाही. व्यवसाय, कंपनीतले शेअर, दोन-तीन मालमत्ता असं गुंतागुंतीचं असेल तरच तिकडे जा. जायचंच तर विचारा: 40 तासांचं मध्यस्थी प्रशिक्षण झालंय का, फी बैठकीची की तासाची, रद्द झालेल्या बैठकीचे पैसे लागतात का, मसुद्याचे वेगळे का. एकाच पक्षाने पूर्ण फी भरू नये, अर्धी-अर्धी भरा. पगारदार जोडप्याला माझ्या मते खासगी मध्यस्थाची गरज नाही.

फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर

इथे चूक झाली तर लाखाचा फटका बसतो. समजा फ्लॅट 30 लाखांचा, हिस्सा निम्मा-निम्मा. नवरा आपला हिस्सा बायकोच्या नावे करणार आहे. दोघांनी विकत घेतलेल्या घरासाठी हक्कसोडपत्र केलं तर त्याला खरेदीखतासारखाच मुद्रांक लागतो, 200 रुपयांची सवलत वडिलोपार्जित मालमत्तेच्या हक्कसोडीला आहे. 15 लाखांच्या हिश्श्यावर शेकडा सहाचा दर धरला तरी 90,000 रुपये, वर एक टक्का नोंदणी फी म्हणजे 15,000.

नवरा-बायको असताना राहतं घर बक्षीसपत्राने एकमेकांना दिलं तर मुद्रांक 200 रुपये आणि स्थानिक अधिभार वेगळा. हुकूमनामा झाल्यावर तुम्ही नवरा-बायको राहत नाही आणि ही सवलत संपते. म्हणजे क्रम महत्त्वाचा. पण सावध राहा: बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय. हिश्श्याचे पैसे घेऊन बक्षीसपत्र केलं तर ते बक्षीस राहत नाही आणि पुढे अंगलट येतं. पैसे द्यायचे-घ्यायचे असतील तर सरळ मुद्रांक भरा. शिवाय बक्षीसपत्र आधी केलं आणि समोरच्याने नंतर संमती काढून घेतली तर घर परत येणं कठीण. म्हणून ते दुसऱ्या जबाबाच्या अगदी जवळच्या दिवसांत करा, आणि त्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात मसुदा दाखवून नेमका आकडा काढून घ्या.

गृहकर्ज चालू असेल तर बँकेच्या ना-हरकतीशिवाय यातलं काहीच होत नाही. समझोत्यात "हप्ते बायको भरेल" असं लिहिलं तरी बँकेसाठी दोघंही कर्जदारच. हप्ता चुकला की नवऱ्याचाही सिबिल स्कोअर पडतो. बँकेकडून एकाचं नाव कमी करून घ्या किंवा कर्ज एकट्याच्या नावे नव्याने घ्या, आणि ते कोण, कोणत्या तारखेपर्यंत करणार हे करारात टाका.

करारात काय लिहून घ्यायचं

मोघम वाक्य म्हणजे पुढचा दावा. "मुलाला भेटू देईल" असं लिहू नका. कोणत्या वारी, किती वाजता, कुठे सोपवायचं, कोण परत आणणार, शिफ्ट बदलली तर कोणता पर्यायी दिवस, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी कोणाकडे, गावच्या यात्रेला कोण नेणार, हे सगळं लिहा. शाळेची फी दरवर्षी वाढते, म्हणून ठरावीक रकमेपेक्षा "प्रत्यक्ष फीचा निम्मा वाटा" असं लिहिणं सुरक्षित. मुलाची पोटगी आईने "सोडली" असं कलम कोणी घालत असेल तर त्याला अर्थ नाही. तो मुलाचा हक्क आहे आणि कोर्ट नंतरही तो देऊ शकतं.

पोटगी एकरकमी घ्यायची की दरमहा? दरमहाची रक्कम घेणाऱ्याच्या हातात करपात्र उत्पन्न ठरते, एकरकमी भांडवली स्वरूपाची म्हणून ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा तसा 1983 चा निकाल आहे. नवऱ्याची नोकरी कंत्राटी असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: रक्कम थोडी कमी झाली तरी एकरकमी घ्या. कंत्राट संपलं की दरमहाचे पैसे थांबतात आणि वसुलीसाठी पुन्हा कोर्ट. देणाऱ्यानेही पीएफ निघेल या भरवशावर तारीख देऊ नये, किती रक्कम काढता येते ते आधी ऑनलाइन पाहावं.

पैसे कधी द्यायचे हे रकमेइतकंच महत्त्वाचं. दुसऱ्या जबाबापर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून देणाऱ्याने सगळे पैसे आधी देऊ नयेत आणि घेणाऱ्याने सगळे नंतर घेऊ नयेत. काही भाग पहिल्या जबाबाला, उरलेला दुसऱ्या जबाबाला, दोन्ही डिमांड ड्राफ्टने, न्यायाधीशांसमोर. रोख नको. दागिने परत करताना वजन करून यादीवर दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार.

कौटुंबिक छळाचा गुन्हा दाखल असेल, म्हणजे आधीचं 498-अ आणि 1 जुलै 2024 नंतरचं भारतीय न्याय संहितेचं कलम 85, तर "तक्रार मागे घेईन" एवढ्याने तो संपत नाही. संमतीने तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. मुंबईच्या वकिलाची फी आणि दोघांच्या खेपा हा खर्च कोण करणार, तक्रारदाराचं प्रतिज्ञापत्र कधी मिळणार, हे करारात तारखेसह लिहा. अनेक समझोते याच एका कलमावर फुटतात.

आणि एक विसरलं जाणारं: घटस्फोटानंतर बायको नवऱ्याच्या ईएसआय कार्डातून आणि कंपनीच्या मेडिक्लेममधून बाहेर पडते. मुलं राहतात. बायकोचे उपचार चालू असतील तर तिच्या नावे वेगळा विमा काढायचा खर्च एकरकमी रकमेत धरा. हुकूमनाम्यानंतर पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा यांचं नामनिर्देशन दोघांनीही बदलायचं.

हे शॉर्टकट महागात पडतात

पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीसमोर लिहिलेला फारकतनामा. हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नाला त्याने काही होत नाही. समाजात पूर्वापार रूढी असल्याचा दावा करता येतो, पण ती रूढी कोर्टात पुराव्याने सिद्ध करावी लागते. असा कागद घेऊन दुसरं लग्न केलं तर द्विविवाहाचा गुन्हा होतो, शिक्षा सात वर्षांपर्यंत. नोटरींनी विवाहाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करू नयेत असं केंद्राच्या विधी खात्याने 2024 मध्ये बजावलंही आहे. तरी दुकानं चालू आहेत. पैसे तुमचे जातात आणि लग्न तसंच राहतं.

भावकीची बैठक. घरातल्या वडीलधाऱ्यांनी समजूत घालावी, त्यात गैर काही नाही. पण जातीच्या पंचांनी दंड लावला, वाळीत टाकण्याची भाषा केली, तर तो 2016 च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. दंड भरू नका. बैठकीत काही ठरलंच तर ते मध्यस्थासमोर नेऊन लिहून घ्या.

पोलीस चौकीतला समझोता. चाकण आता पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहे. पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये समुपदेशन मिळतं, तेही मोफत. पण तिथे पोटगीचा आकडा ठरवून लगेच सही करू नका. तो कागद कोर्टाचा हुकूम नसतो. आकडा घरी आणा, विचार करा, मध्यस्थीत मांडा.

मध्यस्थी कधी नको

मारहाण होत असेल, जिवाची भीती असेल, मुलावर अत्याचाराचा संशय असेल, तर समोरासमोर बसायला जाऊ नका. 112 किंवा 181 ला फोन करा, संरक्षण अधिकाऱ्यांकडे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज द्या. त्यात राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा आणि अंतरिम पोटगीचा आदेश मिळतो. त्यासाठी फी नाही. समोरचा पैसे, दागिने, पगार लपवतोय याची खात्री असेल तरही आधी कोर्टातून अंतरिम पोटगी मिळवा आणि मग चर्चेला बसा. पोटगीचा आदेश हातात नसताना मध्यस्थी लांबवत नेणं ही एक जुनी चाल आहे. तीन बैठकांत समोरच्याने कागदच आणले नाहीत तर मध्यस्थी थांबवा. मध्यस्थी सोडण्याचा हक्क तुम्हाला कधीही आहे आणि ती सोडली म्हणून कोर्टात तुमची बाजू कमजोर होत नाही.

बैठकीत "आजच सही करा, नाही तर सगळं मोडलं" असा दबाव आला, मग तो कोणाकडूनही असो, तर मसुदा मागा आणि आठ दिवसांची वेळ घ्या. तो तुमचा हक्क आहे. वाचता येत नसेल तर मराठीत, हिंदीत किंवा तुमच्या भाषेत वाचून दाखवायला सांगा. न समजलेल्या कागदावर सही किंवा अंगठा करू नका.

हुकूमनामा झाला की प्रमाणित प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज करा आणि दोघांनी स्वतंत्रपणे दोन-दोन प्रती घ्या. बँक, शाळा, रेशन कार्ड, पीएफ, पासपोर्ट, पुढचं लग्न, सगळीकडे हीच प्रत लागते, छायाप्रत अनेक ठिकाणी चालत नाही. राजगुरुनगरला पहिल्यांदा जाताना आधार कार्ड, लग्नाचा कोणताही एक पुरावा आणि ओळखपत्र किंवा पगारपत्रक एवढंच न्या. जाण्याआधी 15100 ला फोन करून मोफत वकिलासाठी तुम्ही पात्र आहात का ते विचारा. वकिलाला आगाऊ रक्कम द्यायची असेल तर ती या फोननंतरच द्या.